दोन जुन्या गाड्यांची तुलना कशी करावी: आकडे आधी एका मापात आणा

दोन जुन्या गाड्यांची तुलना करायला बसलेला माणूस बहुधा दोन्हींची माहितीपत्रके शेजारी-शेजारी ठेवतो आणि अश्वशक्तीच्या रकान्यात जिचा आकडा मोठा ती वेगवान, वजनाच्या रकान्यात जिचा आकडा लहान ती हलकी, असे ठरवून मोकळा होतो. आजच्या दोन गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत फारशी फसवत नाही, कारण त्यांची मापे बहुतांशी सारख्या नियमांखाली घेतलेली असतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे आकडे मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या नियमांनुसार आणि काही वेळा वेगळ्याच हेतूने मोजलेले असतात. त्यामुळे आकडे एका मापात आणणे हे तुलनेतले पहिले काम, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही.

या लेखात उदाहरणासाठी एकच जोडी धरली आहे: १९८४ ते १९८९ या काळात बनलेली टोयोटाची पहिल्या पिढीची एमआर-२, आणि १९८९ मध्ये आलेली माझदाची पहिली एमएक्स-५, जी अमेरिकेत मियाटा या नावाने विकली गेली. दोन्ही लहान, दोन आसनी आणि मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या आहेत, दोन्हींमध्ये १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आहे. एमआर-२चे इंजिन आसनांच्या मागे आहे आणि एमएक्स-५चे पुढे. कागदावर या दोघी इतक्या जवळ येतात की तुलनेतली प्रत्येक चूक इथे ठळकपणे दिसते, म्हणून ही जोडी शिकण्यासाठी उत्तम आहे.

नेमकी कोणती गाडी, ते आधी ठरवा

मॉडेलचे नाव ही गाडीची पुरेशी ओळख नसते. 'एमएक्स-५ १.६' एवढेच म्हटले तर त्यात निदान दोन वेगळ्या गाड्या येतात. १९८९ची १.६ अमेरिकी मापाने ११६ अश्वशक्तीची होती. पुढे १९९३ मध्ये १,८३९ सीसीचे मोठे इंजिन आले, आणि १९९५पासून युरोपातील काही बाजारांत १.६ हेच नाव ठेवून फक्त ९० पीएसची स्वस्त आवृत्ती विकली गेली. नाव तेच, इंजिनाची क्षमता तीच, शक्ती मात्र सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी. एमआर-२च्या बाबतीत साधे इंजिन आणि सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) लावलेले १४५ अश्वशक्तीचे इंजिन, असा याहून मोठा भेद आहे.

म्हणून तुलनेच्या कागदावर सर्वांत वर चार गोष्टी लिहाव्यात: उत्पादनाचे वर्ष, गाडी मुळात कोणत्या देशासाठी बनली, इंजिनाचा कोड आणि गिअरबॉक्सचा प्रकार. एमआर-२चे साधे इंजिन '४ए-जीई' आणि सुपरचार्जरचे '४ए-जीझेडई' असते, तर सुरुवातीच्या एमएक्स-५चे 'बी६-झेडई'. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांमध्ये १९८१पासून सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक असतो आणि त्यातले दहावे अक्षर मॉडेल वर्ष सांगते. जपानच्या अंतर्गत बाजारातल्या गाड्यांवर असा सतरा अक्षरी क्रमांक नसतो. तिथे 'एडब्ल्यू११' किंवा 'एनए६सीई' अशा मॉडेल कोडने सुरू होणारा फ्रेम क्रमांक असतो, आणि तो कोडच पुष्कळ काही सांगून जातो. गाडीवरच्या बॅजवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण बॅज बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

शक्ती: कोणाची अश्वशक्ती, कशी मोजलेली

शक्तीचा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो आणि सर्वांत जास्त गोंधळही तोच करतो. गोंधळाचे पहिले कारण एककांचे आहे. युरोप व जपानमधील 'पीएस' आणि ब्रिटन-अमेरिकेतील अश्वशक्ती ही दोन वेगळी एकके आहेत. एक पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॉट आणि एक ब्रिटिश अश्वशक्ती म्हणजे ०.७४५७ किलोवॉट. फरक दीड टक्क्याहूनही कमी असल्यामुळे तो एकट्याने निकाल बदलत नाही, परंतु दोन्ही आकडे किलोवॉटमध्ये आणून ठेवले की पुढची गणिते सोपी होतात.

दुसरे कारण याहून कितीतरी मोठे आहे. पूर्वी इंजिनाची शक्ती 'ग्रॉस' पद्धतीने मोजली जात असे. या पद्धतीत इंजिन टेस्ट बेंचवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा आणि अल्टरनेटर यांसारखे शक्ती खाणारे भाग काढून किंवा बदलून माप घेतले जाई. 'नेट' पद्धतीत हे सर्व भाग गाडीत असतात तसेच जोडलेले राहतात. अमेरिकेत १९७१-७२च्या सुमारास नेट आकडे रूढ झाले, जपानमध्ये हा बदल १९८०च्या दशकाच्या मध्यावर झाला, आणि जर्मनीचे डीआयएन मानक त्याआधीपासूनच नेट पद्धतीचे होते. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या ३५० घनइंची मूळ इंजिनाचे आकडे पाहिले तर हा बदल लगेच ध्यानात येतो: १९७०मध्ये ३००, १९७१मध्ये २७० आणि १९७२मध्ये २००. पहिली घट खरी होती, कारण १९७१ साली कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, कमी केला गेला. त्यानंतरची सत्तरची घसरण मात्र जवळजवळ संपूर्णपणे मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे दिसते. १९७१ आणि १९७२च्या गाड्या रस्त्यावर शेजारी चालवल्या तर त्यांच्यात सत्तर अश्वशक्तीचे अंतर कुठेच सापडणार नाही.

आता आपल्या जोडीकडे येऊ. जपानी माहितीपत्रकात सुरुवातीच्या एमआर-२ची शक्ती १३० पीएस आणि एमएक्स-५ची १२० पीएस अशी आहे. हे पाहून कोणीही एमआर-२ला दहा पीएसची आघाडी देईल. अमेरिकी माहितीपत्रके उघडली तर एमआर-२ची ११२ आणि एमएक्स-५ची ११६ अश्वशक्ती दिसते, म्हणजे क्रमच उलटतो. याचे कारण असे की एमआर-२चे १३० पीएस हे ग्रॉस माप आहे, तर १९८९ साली आलेल्या एमएक्स-५चा आकडा पहिल्यापासूनच नेट आहे. पुढे टोयोटाने त्याच इंजिनाचा जपानी नेट आकडा १२० पीएस असा दिला. युरोपात उत्प्रेरक परिवर्तक (धुरातले प्रदूषण कमी करणारे साधन) नसलेल्या एमआर-२ची शक्ती १२४ पीएस होती, म्हणजे एकाच इंजिनाचे तीन बाजारांत तीन आकडे झाले, आणि त्यांच्यातल्या फरकाचा काही भाग मोजमापाचा, तर काही भाग प्रदूषण नियंत्रणाच्या साधनांमुळे झालेला खरा फरक आहे.

यातून निघणारा व्यवहारातला नियम सोपा आहे: शक्य असेल तिथे दोन्ही गाड्यांचे आकडे एकाच देशातले आणि एकाच पद्धतीचे घ्यावेत. ते मिळत नसतील तर ग्रॉस आकड्यावरून नेट आकडा काढण्याचे ठरलेले सूत्र नाही, हे मान्य करावे. काहीजण सरसकट वीस टक्के वजा करतात. लहान, चांगल्या श्वसनाच्या इंजिनात प्रत्यक्ष फरक याहून कमी आणि गुदमरलेल्या एक्झॉस्टच्या मोठ्या व्ही-८मध्ये याहून जास्त असू शकतो, त्यामुळे अशी वजाबाकी केवळ अंदाज म्हणून वापरावी आणि तसे स्पष्ट लिहावे.

जपानी गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. १९८९ ते २००४ या काळात तिथल्या उत्पादकांमध्ये आपल्या बाजारातल्या गाड्यांची जाहीर शक्ती २८० पीएसच्या वर न नेण्याचा आपसातला समज होता. त्यामुळे त्या काळातल्या शक्तिशाली जपानी गाड्यांपैकी अनेकींचा जाहीर आकडा नेमका २८०च आहे, आणि काही गाड्यांची खरी शक्ती त्याहून जास्त होती. दोन गाड्यांपुढे २८० लिहिले आहे म्हणून त्या सारख्या आहेत असा निष्कर्ष इथे मुळीच काढता येत नाही.

टॉर्क आणि तो कोणत्या फेऱ्यांवर मिळतो

कमाल शक्ती हा फेऱ्यांनुसार बदलणाऱ्या शक्तीच्या संपूर्ण वक्रावरचा फक्त एक बिंदू असतो, आणि रोजच्या चालवण्यात त्या बिंदूवर इंजिन क्वचितच असते. टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा आणि तो कोणत्या आरपीएमवर (दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) मिळतो, हे दोन्ही एकत्र पाहिले तर निदान दुसरा बिंदू हाती येतो. जुन्या कागदपत्रांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर त्याला ९.८१ने, आणि पाउंड-फुटांत असेल तर १.३५६ने गुणून न्यूटन-मीटर काढावेत.

यापुढची पायरी बहुतेक लोक घेत नाहीत, पण ती घेण्यासारखी आहे. टॉर्क, फेऱ्या आणि शक्ती यांचे नाते निश्चित आहे: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९,५४९ म्हणजे किलोवॉट. हेच सूत्र उलटे लावले की कमाल शक्तीच्या क्षणी इंजिन किती टॉर्क देते तेही कळते. अमेरिकी एमएक्स-५ ५,५०० आरपीएमवर सुमारे १३६ न्यूटन-मीटर देते, आणि ६,५०० आरपीएमवरच्या ११६ अश्वशक्तीवरून त्या फेऱ्यांवरचा टॉर्क सुमारे १२७ निघतो. एमआर-२ ४,८०० आरपीएमवर सुमारे १३१ न्यूटन-मीटर देते आणि ६,६०० आरपीएमवर तिच्याकडे सुमारे १२१ उरतात. आता दोन आकड्यांच्या जागी प्रत्येक गाडीचे दोन-दोन बिंदू मिळाले. त्यांवरून असे वाचता येते की माझदाचे इंजिन वरच्या फेऱ्यांत थोडे भरीव आहे, तर टोयोटाचे इंजिन आपला कमाल टॉर्क सातशे फेऱ्या आधी गाठते आणि पुढचे अठराशे आरपीएम फार न गमावता टिकवते.

शक्तीपेक्षा टॉर्कच्या जागेने गाडीचा स्वभाव किती बदलतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पहिल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे आहे. १९७६च्या १.६ लिटर गाडीची शक्ती ११० पीएस होती, आणि पुढे आलेल्या १.८ लिटर गाडीची ११२. दोन पीएसचा फरक पाहून कोणी नवे इंजिन नगण्य ठरवेल, पण जुन्या इंजिनाचा कमाल टॉर्क ५,००० आरपीएमवर होता आणि नव्याचा ३,५०० आरपीएमवर, तोही अधिक. गिअर न बदलता वाहनाला मागे टाकताना हा फरक प्रत्येक वेळी जाणवतो.

वजन: कागदावरचे आणि रस्त्यावरचे

वजनाच्या रकान्यातही पद्धतींचा घोळ असतो. 'ड्राय वेट' म्हणजे तेल, पाणी, इंधन यांच्याशिवायचे वजन, आणि ते विशेषतः स्पोर्ट्स गाड्यांच्या जाहिरातीत आढळते. जर्मन डीआयएन पद्धतीत टाकी नव्वद टक्के भरलेली असते आणि चालक नसतो, तर युरोपीय संघाच्या नंतरच्या पद्धतीत चालक व सामान मिळून ७५ किलो धरलेले असतात. म्हणजे एकच गाडी दोन कागदांवर ७५ किलोंच्या फरकाने दिसू शकते, आणि हजार किलोच्या आसपासच्या गाडीत हा फरक साडेसात टक्के होतो. दोन गाड्यांच्या कमाल शक्तीतला फरक पुष्कळदा इतकाही नसतो.

वजनाची तुलना करताना मी दोन्ही गाड्यांचे वजन आधी चालकाशिवायच्या पद्धतीत आणतो आणि नंतर दोन्हींत सारखेच १५० किलो, म्हणजे दोन माणसे, मिळवतो, कारण गाडी रिकामी कधीच धावत नाही. समजा एक गाडी ९६० किलोची ११६ अश्वशक्तीची आणि दुसरी १,०५० किलोची ११२ अश्वशक्तीची आहे. रिकाम्या अवस्थेत पहिलीकडे टनामागे सुमारे १२१ आणि दुसरीकडे सुमारे १०७ अश्वशक्ती येते. दोन माणसे बसल्यावर हे आकडे सुमारे १०५ आणि ९३ होतात. आघाडी टिकते, पण थोडी आकसते, आणि गाडी जितकी हलकी तितके हे आकसणे जास्त असते.

वातानुकूलन, पॉवर स्टीअरिंग, विजेच्या काचा, कठीण छप्पर यांसारख्या सोयींनी जुन्या लहान गाडीचे वजन सहज काही दहा किलोंनी वाढते. त्यामुळे माहितीपत्रकातला सर्वांत कमी आकडा हा बहुधा सर्वांत साध्या आवृत्तीचा असतो. समोर दोन गाड्या प्रत्यक्ष उभ्या असतील तर त्या वजनकाट्यावर नेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. काट्यावर आधी पुढची आणि मग मागची चाके चढवून घेतली तर वजनाची वाटणीही कळते, आणि एमआर-२ व एमएक्स-५ यांच्या तुलनेत तीच खरी महत्त्वाची आहे. एमएक्स-५चे वजन दोन्ही धुरांवर जवळजवळ समान वाटलेले असते, तर एमआर-२चे मागे अधिक. वळणाच्या मध्यावर अचानक पाय उचलला तर मधल्या इंजिनाच्या गाडीचा मागचा भाग लवकर आणि वेगाने सुटू शकतो, आणि हे कोणत्याही वैशिष्ट्य-तक्त्यात लिहिलेले नसते.

गिअर: जिथे उत्तर लपलेले असते

गिअर रेशोंचा तक्ता कंटाळवाणा दिसतो म्हणून वगळला जातो. मला तो संपूर्ण माहितीपत्रकातला सर्वांत बोलका भाग वाटतो, कारण इंजिनाची शक्ती रस्त्यापर्यंत कशी पोहोचते ते इथेच समजते. गणितासाठी चार गोष्टी लागतात: त्या गिअरचा रेशो, फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना होणाऱ्या शेवटच्या गिअर-जोडीचा) रेशो, टायरचा परिघ आणि इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा.

दोन्ही गाड्यांवर मुळात १८५/६० आर १४ या मापाचे टायर होते, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या साठ टक्के आणि रिम १४ इंचांची. त्याचा व्यास असा काढतात: १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, आणि त्यात १८५च्या साठ टक्क्यांची दुप्पट, म्हणजे २२२ मिलिमीटर मिळवायचे. एकूण ५७७.६ मिलिमीटर, आणि परिघ सुमारे १.८१ मीटर. आता आरपीएम गुणिले परिघ गुणिले ६० भागिले १,००० हे गणित करून, आलेल्या आकड्याला गिअर रेशो आणि फायनल ड्राइव्ह यांच्या गुणाकाराने भागले की ताशी किलोमीटर मिळतात. वजनाखाली टायर दबत असल्यामुळे प्रत्यक्ष वेग यापेक्षा दोन-तीन टक्के कमी येतो, हे ध्यानात ठेवावे.

पाच गिअरच्या १.६ एमएक्स-५चा दुसरा गिअर १.८८८ आणि फायनल ड्राइव्ह ४.३ आहे. एमआर-२मध्ये हेच आकडे १.९०४ आणि ४.३१२ आहेत. पाचव्या गिअरमध्ये दोन्ही गाड्या हजार आरपीएमला सुमारे ३१ किलोमीटरचा वेग देतात, म्हणजे महामार्गावर दोघींचे इंजिन सारख्याच फेऱ्यांनी फिरते. इथपर्यंत दोघी जुळ्या वाटतात. दुसऱ्या गिअरमध्ये मात्र एमएक्स-५ आपल्या ७,००० आरपीएमच्या लाल रेषेला सुमारे ९४ किलोमीटरवर पोहोचते, आणि ७,५०० आरपीएमपर्यंत जाणारी एमआर-२ सुमारे ९९ किलोमीटरवर. ताशी ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. टायरचे दबणे हिशेबात धरले तरी एमआर-२ दुसऱ्या गिअरमध्येच ६० मैलांच्या उंबरठ्यावर येते, तर एमएक्स-५ला त्याआधी तिसरा गिअर टाकावाच लागतो, आणि गिअर बदलण्यात काही दशांश सेकंद जातात. १०० किलोमीटरची मर्यादा धरली तर तिसरा गिअर दोघींनाही लागतो. म्हणजे ० ते ६० मैल या कसोटीत एमआर-२ला मिळणारा छोटा लाभ ० ते १०० किलोमीटरच्या कसोटीत नाहीसा होतो, जरी गाड्यांमध्ये काहीही बदललेले नसते. गिअर रेशो देशानुसार आणि वर्षानुसार बदलत असल्यामुळे हे गणित नेहमी समोरच्या नेमक्या गाडीच्या आकड्यांवरून करावे.

चाचणीचे आकडे कसे वाचावेत

० ते १०० किलोमीटरच्या वेळांची तुलना करताना प्रथम पाहावे की दोन्ही वेळा एकाच ठिकाणच्या आणि एकाच चाचणीतल्या आहेत का. ० ते ६० मैलांची वेळ आणि ० ते १०० किलोमीटरची वेळ एका रकान्यात कधीच लिहू नये, कारण १०० किलोमीटर म्हणजे ६२.१ मैल. अमेरिकी चाचण्यांत गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यानंतर घड्याळ सुरू करण्याची प्रथा ड्रॅग रेसिंगमधून आलेली आहे, आणि तेवढ्याने सुमारे तीन दशांश सेकंद वाचतात. चाचणीची जागा समुद्रसपाटीपासून किती उंच होती यालाही महत्त्व आहे: टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटर उंचीमागे साधारण एक टक्का शक्ती गमावते. टर्बो इंजिनावर हा परिणाम कमी होतो, म्हणून उंचीवरच्या चाचणीत टर्बोची गाडी विनाकारण श्रेष्ठ दिसू शकते.

शून्यापासूनच्या वेळेत क्लच सोडण्याचे कौशल्य, टायरची पकड आणि चाचणी घेणाऱ्याची गाडीवरची दया, हे सर्व मिसळलेले असते. त्यापेक्षा चालत्या गाडीच्या वेळा, उदाहरणार्थ चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० किलोमीटर, अधिक प्रामाणिक असतात. पाव मैलाच्या चाचणीतही लागलेल्या वेळेपेक्षा शेवटचा वेग अधिक विश्वासार्ह, कारण सुरुवात चुकली तरी तो फारसा बदलत नाही आणि शक्ती व वजन यांचे गुणोत्तर त्यात स्वच्छ दिसते.

मालकांनी सांगितलेल्या कमाल वेगाला तुलनेत स्थान देऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, परंतु दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतके जास्त दाखवण्याची त्याला मुभा आहे.

इंधनाच्या आकड्यांबाबत थोडक्यात: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, त्यामुळे ३० मैल प्रतिगॅलन म्हणजे अमेरिकेत सुमारे १२.८ आणि ब्रिटनमध्ये सुमारे १०.६ किलोमीटर प्रतिलिटर. १९८०च्या दशकातल्या युरोपीय कागदांवर ९० आणि १२० किलोमीटरच्या स्थिर वेगाचे आणि शहरातले असे वेगवेगळे आकडे असतात, तर जपानी कागदांवर ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाचा आकडाही छापलेला असे, जो रोजच्या वापरात गाठणे अवघड आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४पासूनच्या गाड्यांचे आकडे नंतरच्या कठोर पद्धतीने पुन्हा मांडले आहेत, आणि दोन्ही गाड्या त्या यादीत असतील तर तेच वापरावेत.

कागदावरून समोरच्या गाडीकडे

येथवरची सर्व तुलना कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या गाड्यांची झाली. तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या दोन गाड्यांमध्ये झिजेचा फरक मूळ फरकापेक्षा मोठा असू शकतो. चार अश्वशक्तीच्या आघाडीला तेव्हा काहीच अर्थ उरत नाही, जेव्हा एका गाडीच्या एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, उतरलेले असते.

म्हणून दोन्ही इंजिनांची कॉम्प्रेशन चाचणी एकाच मेकॅनिककडून आणि एकाच गेजने करून घ्यावी. इंजिन गरम असावे, सर्व स्पार्क प्लग काढलेले असावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा असावा आणि बॅटरी चांगली भरलेली असावी. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते आधी पाहावे आणि मग वर्कशॉप मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावे. डायनोवर गाड्या न्यायच्या असतील तर दोन्ही त्याच डायनोवर, त्याच दिवशी न्याव्यात. तिथे चाकांवरची शक्ती मोजली जाते, जी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधल्या घर्षणामुळे इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी असते. ठरावीक टक्के मिळवून तिला माहितीपत्रकातल्या आकड्यापर्यंत नेण्याचा मोह टाळावा आणि दोन्ही गाड्यांचे चाकांवरचे आकडेच एकमेकांशी ताडावेत.

टायर हा असा भाग आहे की तो बदलल्याने तुलनेचा निकालच बदलू शकतो. २०००पासूनच्या टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते, ज्यात पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांचा कडक झालेला टायर नक्षी शाबूत असूनही ओल्या रस्त्यावर गाडीला धरून ठेवत नाही. एका गाडीला नवे आणि दुसरीला असे जुने टायर असताना ब्रेक किंवा वळणांविषयी मत देणे हा त्या दुसऱ्या गाडीवर अन्याय आहे. मूळ मापाऐवजी दुसरे माप बसवले असेल तर वर दिलेल्या रीतीने व्यास काढून पाहावा: १९५/५० आर १५चा व्यास ५७६ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळ टायरच्या जवळजवळ तंतोतंत, आणि गिअरचे गणित बदलत नाही. व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढला असेल तर मात्र प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो आणि स्पीडोमीटरही तितकाच चुकतो.

एमएक्स-५च्या चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आधार-दांडे असलेले) सस्पेन्शन आहे आणि एमआर-२च्या चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या दांड्याऐवजी शॉक अॅब्सॉर्बरचाच आधार असलेले). कागदावर पहिली रचना वरचढ मानली जाते. परंतु डबल विशबोनमध्ये रबरी बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) अधिक असतात, आणि ते सर्व एकदम झिजलेले असतील तर नवे स्ट्रट बसवलेली एमआर-२ रस्त्यावर अधिक नेमकी वाटेल. म्हणून सस्पेन्शनच्या प्रकारापुढे त्याची सध्याची अवस्था आणि शेवटच्या दुरुस्तीचे वर्ष लिहून ठेवावे.

शेवटी दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच चालकाने चालवाव्यात. निघण्यापूर्वी टायरमधली हवा थंड असताना उत्पादकाने सांगितलेल्या दाबावर आणावी, टाक्या सारख्या भरून घ्याव्यात आणि दोन्ही इंजिने पूर्ण गरम होऊ द्यावीत. प्रत्येक गाडीत तीच कामे करावीत: थांबलेल्या अवस्थेतून सावकाश निघणे, चौथ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून वेग घेणे, खडबडीत वळण, आणि मागे कोणी नसताना मोकळ्या सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक. निरीक्षणे प्रत्येक फेरी संपताच लिहावीत, दुसऱ्या गाडीत बसल्यानंतर नाही. त्यानंतर दुसरी फेरी उलट्या क्रमाने घ्यावी, कारण जी गाडी नंतर चालवली जाते तिच्या वेळी रस्ता ओळखीचा झालेला असतो आणि ती उगाच अधिक चपळ भासते. दोन्ही क्रमांत जे मत सारखेच राहते, तेच गाड्यांविषयीचे मत म्हणून तक्त्यात उतरवावे.